सूर्यास्ताच्या आत मुक्काम

आमच्या मातोश्री (घरात आम्ही सारे त्यांना ‘बाई’ म्हणतो) यांचे वय आता ऐंशीच्या घरात आहे. गुडघे साथ देत नाहीत. परंतु चौविहाराचा नियम गेल्या कित्येक वर्षांत एकदाही मोडलेला नाही. सूर्यास्तानंतर अन्न नाही, पाणीही नाही. गतवर्षी मार्गशीर्षात त्यांनी एकच इच्छा बोलून दाखविली : बळसाणे आणि मांगी-तुंगी या दोन क्षेत्रांचे दर्शन घ्यावे, आणि ते दोन्ही मुलांनी मिळून घडवावे. पहिला भाग सोपा होता. मी जळगावला दाणाबाजारात, थोरले बंधू धुळ्यास. पेढीच्या वाटण्या झाल्यापासून आम्हा दोघांत लग्नकार्यातील ‘जय जिनेंद्र’ एवढाच व्यवहार उरला होता, आणि त्याला नऊ वर्षे होत आली होती.

अडचण प्रवासाची होती. बाईंना खाली बसता येत नाही, म्हणून कमोड हवा. वाटेतील हॉटेलात त्या पाणीसुद्धा घेत नाहीत. यावर तोडगा काढला अमेरिकेतील माझ्या कन्येने. त्याआधीच्या उन्हाळ्यात तिने आम्हा उभयतांना फिरत्या घरात बसवून यलोस्टोनच्या वाटेवर नेले होते. शेगडी, बिछाने, स्नानगृह, सारे त्या मोटारीतच. सायंकाळी अशी वाहने ठरलेल्या तळावर थांबतात. तेथे प्रत्येक वाहनाला आखून दिलेली जागा असते, विजेचा खांब असतो, पाण्याचा नळ असतो आणि सांडपाण्यासाठी जमिनीत झाकणाचे तोंड असते. 1962 साली मोंटाना राज्यातील बिलिंग्ज गावी एका गृहस्थाने नदीकाठच्या जागेत असा तळ सुरू केला आणि त्यातून पुढे ‘केओए’ ही साखळी उभी राहिली. रात्री दहानंतर तेथे कोणी मोठ्याने बोलत नाही. शेजारच्या वाहनातील वृद्ध दांपत्याने आम्हांस हात हलवून अभिवादन केले. त्यापलीकडे तीन दिवसांत परिचय वाढला नाही. माझ्या पत्नीस मात्र तो प्रवास फार मानवला. कांदा-लसणाची चौकशी करावी लागली नाही, आणि पाणी स्वतःच्या हाताने गाळून उकळता आले.

आपल्याकडेही महाराष्ट्र शासनाने 2021 मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण आखले आहे. त्यात अशा वाहनांप्रमाणेच त्यांच्या तळांचाही विचार केलेला आहे. पण खान्देशात असा तळ माझ्या तरी पाहण्यात नाही. तेव्हा कन्येने पुण्याहून वाहन ठरवून दिले आणि तळांची व्यवस्था मी आपल्या जुन्या पद्धतीने केली. दोन्ही क्षेत्रांच्या धर्मशाळांना दूरध्वनी केला : एक खोली द्या, आणि आवारात गाडी उभी करू द्या. गाडीत बाई, माझी पत्नी आणि वहिनी झोपणार; खोलीत आम्ही दोघे बंधू आणि चालक. ही योजना ठरविताना खोलीतील आमच्या दोघांच्या खाटा शेजारी येणार, हे माझ्या ध्यानात आले होते. परंतु मी ते कोणाशी बोललो नाही.

बांभोरीजवळ गिरणा ओलांडली तेव्हा सकाळचे अकरा वाजून गेले होते. दुकानातील एका सौद्यापायी निघण्यास उशीर झाला, तो दोष माझाच. एरंडोल गेले, पारोळे गेले; कापसाने शिगोशीग भरलेल्या गाड्या रस्ता अडवून चाललेल्या. पारोळ्याच्या पुढे एक मालमोटार उलटली होती, तेथे दोन तास गेले. धुळ्यात बंधू आणि वहिनी रस्त्यावर येऊनच उभे होते. भाऊंनी बाईंच्या पायांस हात लावला, माझ्याकडे पाहून मान हलविली आणि ते पुढे चालकाशेजारी जाऊन बसले.

साक्रीच्या रस्त्यास लागलो तेव्हा ऊन उतरले होते. बळसाण्याच्या भोजनशाळेत गरम जेवण मिळेल, या हट्टाने मी चालकास घाई करीत राहिलो. पांझरेच्या बाजूचे शेत अंधुक होऊ लागले. बाईंनी खिडकीतून एकदा बाहेर पाहिले, हात जोडले आणि पच्चक्खाण घेतले. सकाळच्या फराळानंतर त्यांच्या पोटात काही नव्हते.

तेव्हा भाऊ दिवसभरातील पहिले वाक्य मला उद्देशून बोलले. “गाडीत शेगडी आहे, डबा आहे, पाणी आहे. साडेपाचला कडेला थांबायला काय झालं होतं?”

मला उत्तर सुचले नाही. ज्या सोयीसाठी एवढे भाडे मोजले, तीच मी वापरली नव्हती. जेथे उभे राहू तेथेच मुक्काम, हा या वाहनाचा सारा अर्थ; आणि मी त्याला एस.टी.सारखे वेळापत्रकावर हाकीत होतो.

अंधारात पुढे जाण्यास बाईंनी नकार दिला. प्रतिक्रमणाची वेळ झाली होती आणि चालत्या गाडीत त्या ते करीत नाहीत. वाटेवर एक विहारधाम लागले. पदयात्री साधू-साध्वींसाठी महामार्गांच्या कडेने, एका विहाराच्या अंतरावर, आपल्या समाजाने अशा वास्तू बांधल्या आहेत. भरधाव वाहनांखाली विहारातील महाराजसाहेबांचे अपघात होऊ लागले, तशी त्यांची गरज अधिकच जाणवू लागली. दोन-तीन खोल्या, एक ओटा, राखणदाराचे कुटुंब. झगमग काही नाही. आतल्या खोलीत दोन साध्वीजी महाराज होत्या. राखणदाराने फाटक उघडले, गाडी कडुनिंबाखाली लावून दिली आणि ओट्यावर सतरंजी अंथरली. वीज हवी का, असे त्याने विचारले. बाईंनी नको म्हटले. गृहिणींनी बाईंसह साध्वीजींच्या सान्निध्यात प्रतिक्रमण केले. आम्ही दोघे बाहेर ओट्यावर बसून राहिलो. आमचे जेवण कोणी काढलेच नाही. भाऊंनी एकदा उठून आपली शाल माझ्या बाजूस सरकविली. थंडी होती खरी.

दुसऱ्या दिवशी सूर्योदयानंतर 48 मिनिटे होताच, नवकारसी आल्यावर, बाईंना प्रथम पाणी आणि मग दूध-खाखरा देऊन आम्ही निघालो. बळसाणे हे साक्री तालुक्यातील लहानसे गाव. परंतु तेरावे तीर्थंकर श्री विमलनाथस्वामींमुळे ते दूरवर परिचित आहे. गावाच्या अंगाला दगडी जुन्या मंदिरांचा समूहही आहे. त्यांची शिखरे ढासळली आहेत, खांबांवरील कोरीवकाम मात्र पाहण्यासारखे. दर्शन, पूजा, भोजनशाळा सारे यथास्थित झाले. खरा प्रश्न पुढे आला : गाडीची सांडपाण्याची टाकी भरली होती.

अमेरिकेत याचा विचार कधी करावा लागला नव्हता. तेथे तळावर त्याचे तोंड असतेच. येथे चालक म्हणाला, “पुढे नाल्यात सोडून देऊ.” बाई गाडीतूनच कडाडल्या. मलमूत्र निर्जीव जागी, कोणा जीवास पीडा न होता परठवावे, ही पाच समितींपैकी एक समिती आहे. साधूंना ती पाळावीच लागते, आणि आपण मोटारीत बसलो म्हणून नाल्यात सोडणार? मुनीमजींनी हे ऐकले, हसले, आणि धर्मशाळेच्या शौचकूपाच्या टाकीचे झाकण उघडून दिले. कार्यालयाच्या खिडकीतून विजेची तारही दिली. त्याचा नकरा किती, हे त्यांनाही ठाऊक नव्हते. पूर्वी कोणी मागितलेच नव्हते. आपल्या तीर्थांच्या विश्वस्तांनी या गोष्टीचा विचार करावा असे मला मनापासून वाटते. एक नळ, एक वीजजोड आणि सांडपाण्याचे एक तोंड. आवारे मोठी आहेत, आणि ज्यांना धर्मशाळेचे जिने चढवत नाहीत असे वृद्ध घरोघरी आहेत.

पिंपळनेरवरून ताहाराबादमार्गे मांगी-तुंगीस पोहोचलो ते दुपारी तीन वाजता. या वेळी घाई कोणी केली नाही. वाटेत भाऊंनी स्वतः गाडी थांबवून बाईंसाठी मूगडाळीची खिचडी लावली होती. हे दिगंबर सिद्धक्षेत्र. आम्ही श्वेतांबर, परंतु कार्यालयात नाव नोंदविताना तसा प्रश्न कोणी केला नाही. 2016 मध्ये प्रतिष्ठा झालेली भगवान ऋषभदेवांची 108 फुटांची अखंड पाषाणातील मूर्ती बाईंनी खालूनच, डोळ्यांवर हात धरून पाहिली आणि बराच वेळ त्या तशाच उभ्या राहिल्या. “तुम्ही दोघे वर जाऊन या,” म्हणाल्या. “माझंही दर्शन त्यात.”

पहाटे निघालो. पायऱ्या साडेतीन हजारांच्या आसपास. पहिल्या हजारात भाऊ पुढे, मी मागे. नंतर त्यांचा दम उखडला आणि मी थांबत थांबत चढू लागलो. मांगीच्या गुंफांतून दर्शन घेत दोन शिखरांमधल्या वाटेवर आलो. परंपरा अशी, की श्रीकृष्णांच्या देहाला बलभद्र सहा महिने खांद्यावर वाहत होते. भाऊ गेला हे त्यांना मान्यच होईना. अखेरीस येथे त्यांनी अंत्यसंस्कार केला आणि दीक्षा घेऊन तपश्चर्या केली. आमच्यासोबतचा डोलीवाला हे सांगत होता. भाऊ ऐकत उभे राहिले. मग कठड्यावर बसले, माझ्या हातातील पाण्याची बाटली मागून घेतली, प्यायले आणि परत केली. उतरताना ते काही बोलले नाहीत, मीही नाही.

रात्री खोलीत दिवा मालवल्यावर चालक लगेच घोरू लागला. बऱ्याच वेळाने शेजारच्या खाटेवरून आवाज आला :

“जळगावला तुरीचा भाव काय चाललाय?”

मी सांगितला. मग मुगाचा विचारला, तोही सांगितला. मग हमालीचे दर, मग डाळमिलवाल्यांची उधारी, मग आमच्या जुन्या मुनीमजींची प्रकृती. दीड-दोन तास आम्ही बोलत होतो. वाटणीचा विषय दोघांनीही काढला नाही.

परतताना धुळे आले तेव्हा चार वाजले होते. चालकाने गाडी भाऊंच्या गल्लीच्या तोंडाशी घेतली. वहिनी सामान आवरू लागल्या. भाऊ जागचे हलले नाहीत. घड्याळात पाहून म्हणाले, “पुढे कुठंतरी साडेपाचला थांबू, बाईंचं जेवण करू. मग जळगाव. मी उद्या एस.टी.नं येईन परत.”

बाई पाठीमागे माळ फिरवीत होत्या. त्यांनी डोळे उघडले नाहीत. वहिनींनी पिशवी पुन्हा बाकाखाली सरकविली.