माझ्या वाटणीची प्रार्थना

माणमध्ये आमच्यासारखी ख्रिस्ती घरं मोजकीच. रविवारी दहिवडीजवळ एका घरात सात-आठ जण जमतो. पाळक महिन्यातून एकदा येतात, एरवी आम्हीच एकमेकांना सांभाळतो. आटलेली विहीर, ऊसतोडीला गेलेलं कुणी, हेच प्रार्थनेचे विषय.

बाबा गेले आणि माझ्या तोंडून प्रार्थना निघेना. देवाचं नाव घेतलं तरी राग यायचा. मंडळीतल्या एक मावशी म्हणाल्या, "तू नुसती येऊन बस. तुझ्या वाटणीची आम्ही करू." सहा महिने मी नुसती बसले. कुणी उपदेश केला नाही.

अभंगाच्या चालीवर ख्रिस्ताची भजनं रचणारे ना. वा. टिळक १९१७ साली मिशनचं काम सोडून साताऱ्यात 'देवाचा दरबार' उभारू लागले. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, सगळ्याच ख्रिस्तभक्तांना तिथे जागा होती. १९१९ मध्ये ते गेले. त्यांना हे का हवं होतं, ते मला त्या सहा महिन्यांत कळलं. कीर्तनकाराचा आवाज बसला, तरी टाळकरी धृपद धरून ठेवतात.

आता पुण्यात नोकरी लागलीय. तिथली चर्चेस मोठी आहेत. मी मात्र आधी दोघं-तिघं शोधणार, ज्यांच्यात गप्प बसता येईल.