फलोदीचं टाकं



संवत्सरीला आपण सगळ्यांची क्षमा मागतो. फोन करतो, मेसेज पाठवतो. माझी मात्र एक क्षमा कित्येक वर्षं राहून गेली होती. ती कुणाची, ते आज लिहिते.

आमचं सासर जालन्याचं, पण मूळ घर राजस्थानात फलोदीला. जोधपूरहून तिकडे जाताना वाटेत ओसियां लागतं. आपण ओसवाल म्हणवतो ते त्या गावावरून. आठव्या शतकातलं महावीरस्वामींचं मंदिर तिथे आहे. ओसियांच्याही पुढे, वाळू आणि खेजडीची झाडं बघत गेलं की फलोदी येतं. लग्नानंतर १९८३ मध्ये घरच्या काही व्यवहारांसाठी आम्ही दोघं तिथे गेलो आणि दीड वर्ष राहिलो. घरात माझ्या आजेसासूबाई, म्हणजे दादीसा, एकट्याच असायच्या.

मी पुण्याची, नळाखाली बादली लावून मोठी झालेली. त्यात नवी बी.कॉम. झालेली, म्हणजे थोडी शिष्टच. तिथे अंगणात जमिनीखाली चुन्याचं टाकं होतं. पावसाळ्यात गच्चीवरचं पाणी त्यात उतरायचं आणि तेच वर्षभर प्यायला पुरवायचं. टाक्याच्या झाकणाला कुलूप, किल्ली दादीसांच्या कमरेला. मला हसू यायचं. लोक तिजोरीला कुलूप लावतात, ह्या पाण्याला लावतात! दोरीला त्यांनी गाठी मारलेल्या होत्या. कितव्या गाठीला बादली पाण्याला टेकली ते बघून किती शिल्लक आहे ते सांगायच्या. शाळेत कधी गेल्या नव्हत्या, पण हिशेब माझ्यापेक्षा पक्का.

खाणंही तसंच. हिरवी भाजी क्वचित यायची. केर, सांगरी, कुमट, गुंदे उन्हाळ्यात वाळवून डब्यात भरायचे. केर आधी ताकात भिजवून त्यांचा कडूपणा काढायचा. अष्टमी-चतुर्दशीला आपण हिरवी भाजी टाळतो, तेव्हा पुण्यात आईला काय करावं हा प्रश्न पडायचा. तिथे प्रश्नच नव्हता, पंचकुटा तयार असायचा.

मुख्य गोष्ट पाणी गाळण्याची. दुहेरी जाड गरण्यातून पाणी गाळायचं, मग गाळलेल्या पाण्याने गरणं उलटं धुवायचं आणि ते पाणी, म्हणजे संखारा, पुन्हा त्याच टाक्यात सोडायचा. काही ठिकाणी त्याला जीवाणी म्हणतात. वरून ओतायचा नाही. छोटी बादली दोरीने पार पाण्यापर्यंत न्यायची आणि दुसऱ्या दोरीने हळूच कलती करायची. वरून पडले तर जीव मरतील ना.

एके दिवशी दुपारी मला कंटाळा आला होता. लू चालली होती, अंगणात पाय ठेववत नव्हता. मी संखारा मोरीत ओतून दिला. दादीसांनी विचारलं, "बीनणी, संखारो कठै?" मी म्हटलं, "टाकला मोरीत. दिसत तर काही नव्हतं त्यात." त्या काही बोलल्या नाहीत. मला वाटलं, बरं झालं, समजलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी त्यांनी उपवास केला. तिथी कुठलीच नव्हती. मी विचारलंही नाही, वय झालंय, पोट बिघडलं असेल म्हणून सोडून दिलं. आठ-दहा दिवसांनी शेजारच्या काकीसा बोलता बोलता म्हणाल्या, "तुझ्यासाठी केला होता गं. घरात झालेली विराधना, प्रायश्चित्त कुणीतरी घ्यायला हवं."

मला राग आला, खरं सांगते. मला सरळ रागवायचं होतं ना! त्या भर उन्हाळ्यात सत्तरीच्या बाईने उपाशी राहायचं आणि मी दोन वेळा जेवायचं, ही कसली शिक्षा? त्या वर्षी संवत्सरीला मी सगळ्यांबरोबर खाली वाकून मिच्छामि दुक्कडम् म्हटलं, पण त्या गोष्टीचं नाव घेतलं नाही. पुढे आम्ही जालन्याला आलो. दादीसा गेल्या. राहिलं ते राहिलंच.

२०१३ च्या दुष्काळात जालन्यात टँकरची वाट बघत हंडे घेऊन उभी होते, तेव्हा पहिल्यांदा त्यांच्या कमरेची किल्ली आठवली. त्या हंड्यातलं पाणी घरी आणून गाळताना हात आपोआप सावकाश झाला.

मागच्या मार्गशीर्षात फलोदीला गेलो. १९ मे २०१६ ला तिथे ५१ अंश तापमान होतं, हे पेपरात वाचलं तेव्हा ह्यांनी "आपलं गाव पेपरात आलं" म्हणून कात्रण ठेवलं होतं! आता फलोदी जिल्हा झालाय, कालव्याचं पाणी नळाला येतं. सकाळी जवळच्या खीचनला गेलो. थंडीत मंगोलियाकडून हिमालय ओलांडून कुरजा पक्षी तिथे येतात. गावातले आपले लोक कित्येक वर्षांपासून त्यांना धान्य घालतात. भिंतीच्या आवारात हजारो पक्षी उतरले होते, कलकलाटात बोलणं ऐकू येत नव्हतं. २०२५ मध्ये खीचनला रामसर यादीत जागा मिळाली. इतक्या लांबून आलेल्या पाहुण्यांना मूठभर दाणे घालणारं गाव स्वतः मोजून पाणी पिणारं होतं, हे मला विशेष वाटलं.

घरी चुलत दीर राहतात. टाकं अजून आहे, कुलूपही. जाऊबाईंकडून किल्ली मागितली. पाणी काढलं, गाळलं, गरणं धुतलं आणि संखारा खाली सोडला. गुडघे दुखत होते, छोटी बादली दोनदा टाक्याच्या भिंतीवर आपटली. मग दादीसांच्या फोटोसमोर जाऊन त्या दुपारचं नाव घेऊन क्षमा मागितली. मोठ्याने मागितली. जाऊबाई बघतच राहिल्या.

परत आल्यावर दुसऱ्या दिवशी उपवास केला. तो माझाच होता, फक्त इतक्या वर्षांनी केला.

आमच्या सोसायटीत जुनी विहीर आहे. आता मी रोज संखारा तिथे घेऊन जाते. सून विचारते, "मम्मी, मशीनचं पाणी असताना कशाला?" मी रागावत नाही. पण तिच्या वाटचा उपवासही करणार नाही. तिला ही गोष्ट सांगितली आहे, ती तिचं ठरवील.

तुमचीही एखादी क्षमा अशी राहिली असेल तर ह्या संवत्सरीला नाव घेऊन मागा.

मिच्छामि दुक्कडम्.