रविवारची मीटिंग, गुरुवारची सुट्टी

‘आजकालची पोरं चळवळीत येत नाहीत.’ मावळातल्या कुठल्याही विहार समितीच्या बैठकीला बसा, हे वाक्य कानावर पडतंच. बोलणारे बहुधा साठीच्या पुढचे. त्यांनी खाल्लेल्या खस्ता खऱ्या आहेत, त्यावर आमचा वाद नाही. वाद आहे तो पुढच्या वाक्याशी: ‘मोबाइलने वाट लावली.’

चाकण-पिंपरी पट्ट्यातल्या बहुतेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. सभासदांची बैठक मात्र रविवारी सकाळी दहाला. थर्ड शिफ्ट करून सकाळी खोलीवर आलेला नांदेडचा किंवा वाशिमचा पोरगा दहा वाजता येऊन मागच्या जयंतीचं इतिवृत्त ऐकेल? हे वेळापत्रक ठरलं तेव्हा आपले सभासद रेल्वेत होते, देहूरोडच्या डेपोत होते, सरकारी कचेरीत होते. नोकरी कायम, रविवार मोकळा, पगाराच्या दिवशी वर्गणी. ती नोकरी गेली. तिच्यावर बेतलेली संघटना तशीच राहिली.

आताचा पोरगा ठेकेदाराकडे असतो. यंदा तळेगाव, पुढच्या वर्षी चाकण, मग रांजणगाव. आपला सभासद-अर्ज त्याला कायमचा पत्ता विचारतो. ‘भाडेकरू आहे, आज आहे उद्या नाही,’ असं म्हणून त्याला मताचा हक्क नाकारला जातो, पण जयंतीची पावती फाडायला त्याच्या खोलीवर बरोबर जातात. (आडनाव ऐकून खोली नाकारली गेली, तेव्हा कोण गेलं होतं त्याच्याबरोबर?)

आम्ही काही जणांनी गुरुवारी संध्याकाळी बसायला सुरुवात केली. भाषण ठेवलं नाही. पहिल्याच प्रश्नांत कळलं की पोरांना काय हवंय: ठेकेदार बदलला, मागच्याने पीएफ भरला का? पगारातून कापलेला पैसा खात्यावर दिसत नाही, तक्रार कुठे करायची? बहिणीला वसतिगृह मिळेल का? आणि एकीने सरळ विचारलं, ‘जयंतीचा हिशोब भिंतीवर का लावत नाही?’ हा प्रश्न काही ज्येष्ठांना उद्धट वाटला. आम्हाला तो सभासदाचा पहिला हक्क वाटतो. वर्गणी देणाऱ्याला हिशोब मागता येत नसेल तर तो सभासद नाही, गिऱ्हाईक आहे.

बाबासाहेबांनी 20 जुलै 1924 रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली, तेव्हा त्यांचं वय 33 होतं. त्या सभेचं सुरुवातीचं काम आठवा. 1925 च्या जानेवारीत सोलापुरात वसतिगृह, मुंबईत मोफत वाचनालय, आणि तरुणांसाठी चक्क हॉकी क्लब! तरुणाला आधी काय लागतं हे बघून संघटना उभी राहिली. 1938 साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू सांगितले. आज त्यातल्या पहिल्यावर आपण व्याख्यानं ठेवतो. दुसऱ्याच्या गेटवर आपलीच पोरं पास दाखवून आत जातात, त्यावर मात्र गप्प.

आणि जागा दिली नाही तर काय होतं, हे 1972 ने दाखवलं आहे. रिपब्लिकन नेते गटातटांत अडकले होते, तेव्हा दलित पँथर उभी राहिली. नामदेव ढसाळ तेव्हा 23 वर्षांचे होते. त्यांनी कुणाच्या कार्यकारिणीची परवानगी मागितली नव्हती.

तळेगावात बाबासाहेबांचा बंगला आहे. लोकलने तिसरं स्टेशन देहूरोड, जिथे 25 डिसेंबर 1954 ला त्यांच्या हस्ते बुद्धमूर्तीची स्थापना झाली. दरवर्षी त्या दिवशी तिथे तरुणांची गर्दी बघा आणि मग म्हणा, पोरं येत नाहीत. पोरं येतात. आपल्या मीटिंगला येत नाहीत.

येत्या सर्वसाधारण सभेत आम्ही तीन ठराव मांडतोय: भाडेकरूला मताचा हक्क, कार्यकारिणीत निम्म्या जागा पस्तिशीच्या आतल्यांना आणि त्यात मुली, आणि दर तीन महिन्यांनी हिशोब भिंतीवर. एका काकांनी विचारलं, ‘मग आम्ही काय घरी बसायचं?’ काका, तुम्ही तीस वर्षं युनियन चालवलीत. लेबर ऑफिसला अर्ज कसा लिहायचा, हे आमच्यात कुणालाच नीट येत नाही. गुरुवारी संध्याकाळी सातला या.