पृच्छनेचा दिवस

चाकणच्या दुकानात गल्ल्यावर बसलेला वाणिज्य शाखेचा विद्यार्थी मोबाईलवर व्याख्यान ऐकतो. गिऱ्हाईक आले की ते थांबवतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत विषय ‘स्वयम्’ मंचावरून घेण्याची मुभा दिली. अशा शिक्षणाने नाशिक रस्त्यावरील कोंडी काही दिवस टळते, वडिलांनाही हातभार लागतो.

तत्त्वार्थसूत्रात स्वाध्यायाचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय व धर्मोपदेश. पडद्यावर वाचना होते. ध्वनिमुद्रण पुन्हा लावून आम्नाय, म्हणजे पुनःपाठही साधतो. पृच्छना मात्र राहून जाते. शंका उठते तेव्हा समोर गुरू नसतात आणि गिऱ्हाईक गेल्यावर शंकाही आठवत नाही.

वर्गाचे दिवस त्यासाठीच असतात. त्या दिवशी गल्ल्यावर घरातील मोठ्यांनी बसावे.