गाडी उलाळते तेव्हा

आमचा भाचा पुण्यात संगणकशास्त्र शिकतो. मागील दिवाळीत तो भालकीला आमच्या घरी आला असता रात्री उशिरापर्यंत ‘व्हॅल्हाइम’ नावाचा खेळ खेळत बसला होता. २०२१ साली आलेला हा खेळ निर्जन प्रदेशात तगून राहण्याचा आहे. लाकूड तोडावे, खाण खणावी, घर उभारावे आणि सर्व माल वाहून आणावा. एका जागेहून दुसऱ्या जागी क्षणात नेणारी जादूची दारे त्यात आहेत. परंतु खेळाच्या मूळ नियमांप्रमाणे धातू त्या दारातून नेता येत नाहीत. ते वाहूनच आणावे लागतात, आणि त्यासाठीच्या गाडीला बैल नाही. जुवाला मान द्यायची ती खेळाडूनेच.

चढावर त्याची भरलेली गाडी त्याला मागे ओढू लागली. आम्ही सहज म्हणालो, “मागचा भार पुढे घे. नाहीतर चढाला गाडी उलाळते.”

“मामा, यात माल कुठे ठेवायचा ते ठरवता येत नाही. फक्त वजन मोजतात,” तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने त्याने विचारले, “उलाळते म्हणजे उलटते ना?”

या प्रश्नाने आम्ही अस्वस्थ झालो. हाच घोटाळा वीसेक वर्षांपूर्वी एका न्यायालयात झाला होता, आणि त्या वेळी आम्ही वकिलाच्या खुर्चीत बसून होतो.

उलटणे आणि उलाळणे यांत मोठा फरक आहे. गाडी उलटते ती कुशीवर. चाक वर येते आणि माल सांडतो. गाडी उलाळते ती मागच्या अंगाला. भार आखाच्या मागे गेला की धुरी वर उचलली जाते, जू बैलाच्या मानेवरून सुटू पाहते आणि जोत्याचा फास गळ्याला बसतो. भार फार पुढे आला तर जू मानेत रुतते. म्हणून जुना गाडीवान किती भरले याइतकेच कुठे भरले हेही पाहत असे. संगणकाला पहिला प्रश्न ठाऊक आहे. दुसरा आमच्या भाषेला ठाऊक होता.

दावा गाडीवाटेचा होता. आमच्या पक्षकाराचे शेत ओढ्यापलीकडे, आणि वाट शेजाऱ्याच्या शेतातून. वीस वर्षांहून अधिक काळची उघड, अखंड आणि हक्काची वहिवाट आम्हांस सिद्ध करावयाची होती. आमचा मुख्य साक्षीदार सत्तरी उलटलेला शेतकरी. तो म्हणाला, “चढाला भरली गाडी उलाळती साहेब. म्हणून आमी वढ्याच्या कडंनं नेत होताव.” याहून चांगला पुरावा कोणता? ओढ्याकाठची वाट सौम्य चढाची होती. भरली गाडी नेण्यास दुसरी जागाच नव्हती, हे त्याने एका क्रियापदात सांगितले होते.

जबानी मराठीत झाली, नोंद दुसऱ्या भाषेत झाली. नोंदीत ‘उलाळती’चे ‘उलटते’ झाले, आणि वाक्याची जोडणीही बदलली. युक्तिवादाच्या वेळी प्रतिपक्षाने विचारले : जेथे गाड्या उलटतात असे साक्षीदारच सांगतो, तेथून गाड्या नेण्याची वहिवाट असेलच कशी? जबानी वाचून दाखवली तेव्हा म्हाताऱ्याने मान डोलावली होती. न समजलेल्या भाषेपुढे आमची माणसे मान डोलावतातच. परंतु आम्हांस दोन्ही भाषा येत होत्या. आमचे लक्ष पुढच्या साक्षीदाराकडे होते. चूक ध्यानात आली ती प्रमाणित प्रत हाती आल्यावर. पुढे तडजोड झाली. आमच्या पक्षकारास पायवाट मिळाली, गाडीवाट गेली.

यात कन्नड भाषेचा दोष नाही. शेतकऱ्याच्या कन्नडलाही एत्तु आणि नोग आहेत, आणि ‘गाडी’ तर आपल्या दोघांची एकच. दोष आहे तो शब्द न विचारता पुढे जाण्याचा.

ओझे वाहण्याच्या धंद्याने आमच्या प्रदेशाला किती शब्द दिले, हे त्याच रात्री भाच्याशी बोलताना नव्याने जाणवले. ‘माइनक्राफ्ट’ या दुसऱ्या खेळात गाढवाच्या पाठीवर पंधरा कप्प्यांची पेटी लादता येते, आणि लामा नावाच्या एका जनावराला दोरीने धरून चालवले की बाकीचे लामा त्याच्यामागे रांगेने चालू लागतात. ही रांग जास्तीत जास्त दहा जनावरांची. “याला मराठीत काय म्हणायचं?” त्याने विचारले. आम्ही म्हणालो, “तांडा.” तो हसला. त्याच्या लेखी तांडा म्हणजे लमाणांची वस्ती. औराद, चिंचोली, आळंद या तालुक्यांत जागोजागी दिसते ती.

पण तांडा प्रथम वस्ती नव्हता, चाल होता. पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात जो तांडा भेटला, त्यात धान्य लादलेले १४,००० बैल होते. बंजारे धान्य व मीठ बैलांच्या पाठीवरून दख्खनभर नेत. मोगलांच्या फौजा त्यांच्यावर जगल्या, आणि १८०३ च्या मराठ्यांविरुद्धच्या मोहिमेत वेलस्लीचे सैन्यही. दोन्ही अंगांना सारख्या वजनाच्या गोण्या, हा लादण्याचा नियम. एक बाजू जड झाली की बैलाची पाठ लागते. १८७१ मध्ये लोहमार्ग गुलबर्ग्यावरून रायचूरला पोचला, १८७४ मध्ये वाडीहून सिकंदराबादेस गेला. पक्के रस्तेही झाले. बैलांची चाल थांबली, आणि चालीचे नाव मुक्कामाला चिकटून राहिले.

‘पल्ला’ शब्दाचेही तसेच. पल्ला म्हणजे अंतर, आणि पल्ला म्हणजे १२० शेरांचे वजनही. ‘खोगीरभरती’ आम्ही कवितासंग्रहांविषयी बोलतो. खोगिरात काय भरत हे आठवत नाही. ‘गाड्याबरोबर नळ्याची यात्रा’ म्हणतो. परंतु तो नळा म्हणजे गाडीखाली टांगलेला वंगणाचा, हे भाच्याला आम्हीच सांगितले. म्हणी अशा वस्तूंच्या मागे जगतात, पण किती काळ?

१ नोव्हेंबर १९५६ पासून या जिल्ह्यांतील मराठीचे गाऱ्हाणे आम्ही शाळा, फलक आणि सरकारी कागद यांच्या भाषेत मांडत आलो. ते मांडलेच पाहिजे. परंतु शाळा मिळाली आणि तीत शिकवायचा शब्दच घरातून गेला, तर दावा जिंकूनही वाट गेलेलीच.

म्हणून सीमाभागातील वाचकांना विनंती. आपल्या घरी गाडी हाकलेला कोणी वडीलधारा असेल तर त्याच्याजवळ बसावे. धाव, आरे, तुंबा, आख, शिवळ, कासरा, वेसण : एकेक शब्द विचारावा, शेजारच्या कन्नड घरातील शब्दही विचारावा, आणि लिहून ठेवावा. ‘म्हणजे काय?’ हा प्रश्न विचारण्यास लाजू नये. आमच्या भाच्याने तो एका रात्रीत दोनदा विचारला. आम्ही एकदा विचारला नाही, आणि त्या शेताला आजही वळसा घालून जावे लागते.