अप्पा, गोल्डवॉटर आणि टावर चौक

डिसेंबरात लेक अमेरिकेहून आली तेव्हा आमच्या घरात एक न बोललेला नियम होता. तिने आणि अप्पांनी राजकारणाचा विषय काढायचा नाही. दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ कॉलवर ती त्यांना बरंच काही बोलून गेली होती. अप्पांनी काही न बोलता फोन माझ्या हातात दिला. तेव्हापासून दोघांचं बोलणं "जेवलीस का" आणि "गोळ्या घेतल्या का" एवढ्यावरच. मधे मी, एकाची मुलगी आणि दुसरीची आई.

ज्यांचं लहानपण फ्रीगंजात गेलं त्यांना टावर चौक काय सांगायचा! संध्याकाळी अप्पांना रिक्षाने तिथे नेलं, ठेल्याजवळ खुर्ची मिळवली, पानी-पताशे मागवले. अप्पांनीच विचारलं, "सध्या काय शिकतेयस?" ती माझ्याकडे बघत म्हणाली, "अमेरिकेत उजवे कसे वर आले, त्याचा इतिहास." मी मनात म्हटलं, झालं!

पण ती सांगत गेली. १९६४ मध्ये रिपब्लिकन पक्षाने ॲरिझोनाचे सिनेटर बॅरी गोल्डवॉटर यांना राष्ट्राध्यक्षपदासाठी उभं केलं. सरकार लहान हवं, कर कमी हवेत, कम्युनिस्टांशी कडक वागायला हवं, असं त्यांचं म्हणणं. जॉन्सनसमोर ते असे आपटले की पन्नासपैकी सहाच राज्यं हाती आली. हा विचार आता संपला, असं भल्याभल्यांना वाटलं. त्याच प्रचारात रोनाल्ड रेगन नावाच्या नटाने टीव्हीवर गोल्डवॉटरसाठी भाषण केलं होतं. सोळा वर्षांनी, १९८० मध्ये, त्याच रेगनने ४४ राज्यं जिंकली. मधल्या काळात दारोदार फिरलेले कार्यकर्ते घरी बसले नव्हते. नावं-पत्ते जपले, थोडीथोडी वर्गणी गोळा केली, गावोगावी बैठका घेतल्या.

"जमानत वाचली होती का त्याची?" अप्पांनी विचारलं. तिला हा शब्द कळेना. मी समजावल्यावर ती हसली, आणि अप्पा सुरू झाले.

जनसंघ १९५१ चा. लोकसभेत पहिल्या खेपेला तीन जागा, मग चार, मग चौदा. अप्पा आणि त्यांचे मित्र रात्री गेरू आणि चुना घेऊन भिंती रंगवत. "आमचा दिवा दोन फटकाऱ्यांत निघायचा. काँग्रेसवाल्यांना बैलजोडी काढावी लागे, त्यांचे बैल कधीकधी बकऱ्या दिसत!" धारचे कुशाभाऊ ठाकरे गावोगाव फिरून माणसं जोडत होते, हेही त्यांनी सांगितलं. १९६७ मध्ये लोकसभेत ३५ जागा झाल्या, उज्जैनची जागाही हुकुमचंद कछवाय यांनी जिंकली. त्याच वर्षी राजमाता विजयाराजे शिंदे यांनी काँग्रेस सोडली आणि भोपाळचं द्वारकाप्रसाद मिश्रांचं सरकार पडलं. पुढे १९८४ मध्ये भाजपच्या पुन्हा दोनच जागा आल्या. "तेव्हाही लोक म्हणाले, संपले," अप्पा म्हणाले.

ही तुलना फार ताणू नये, असं मला वाटतं. पैशांच्या बाबतीत गोल्डवॉटरचा विचार जनसंघापेक्षा राजाजींच्या स्वतंत्र पक्षाला जवळचा. आमच्या माळव्यातल्या मराठी घरांत करकपातीवर कोण बोलत होतं? ग्वाल्हेर संस्थानापासून चालत आलेली हिंदू महासभेची आणि संघाची हवा होती, तीच पुढे जनसंघाकडे गेली. आणि लेकीने एक गोष्ट झाकू दिली नाही. गोल्डवॉटरच्या सहा राज्यांपैकी पाच दक्षिणेतली होती. काळ्यांना समान हक्क देणाऱ्या १९६४ च्या कायद्याविरुद्ध त्यांनी मत दिलं होतं, आणि तिथले गोरे त्या कायद्यावर चिडलेले होते. "हे सोडून ती गोष्ट सांगता येत नाही, आजोबा." अप्पांनी मान हलवली. होकार होता की नुसतं ऐकलं, ते मला कळलं नाही.

मग तिने तेच विचारलं, ज्यावरून दोन वर्षांपूर्वी बिनसलं होतं. या वेळी आवाज खाली होता. "आणीबाणीत तुम्ही विरोधात होतात म्हणून आत गेलात. आता तुमचे लोक वर आहेत. आता विरोधात बोलणाऱ्याला तुम्ही काय म्हणता?"

मी नऊ वर्षांची होते. आईबरोबर भैरवगढच्या जेलच्या फाटकावर डबा घेऊन उभी राहायचे. घरी परतताना आई टावरपर्यंत एक शब्द बोलत नसे. आमच्या घरात लोकशाही हा शब्द त्या डब्यासकट येतो. म्हणून मलाही उत्तर ऐकायचं होतं. लेकीला इतकं सरळ विचारायची हिंमत मला इतक्या वर्षांत झाली नव्हती.

अप्पा बराच वेळ द्रोणातलं पाणी बघत राहिले. मग म्हणाले, "तुझा तो गोल्डवॉटर, त्याचं पुढे काय झालं?"

तिने सांगितलं. वॉटरगेटच्या वेळी, ऑगस्ट १९७४ मध्ये, पक्षाच्या आणखी दोन नेत्यांबरोबर ते व्हाइट हाउसमध्ये गेले. राष्ट्राध्यक्ष निक्सन त्यांच्याच पक्षाचे होते. सिनेटमध्ये आता तुम्हाला वाचवण्याइतकी मतं नाहीत, असं त्यांना तोंडावर सांगितलं. दुसऱ्याच दिवशी निक्सननी राजीनामा जाहीर केला. म्हातारपणी, पक्षात धर्मगुरूंचं वजन वाढलं, तेव्हा गोल्डवॉटर त्यांच्यावरही उघडपणे बोलले.

"आपल्याच माणसाला सांगितलं," अप्पा म्हणाले.

"हो."

"कोणत्या साली म्हणालीस?"

"चौऱ्याहत्तर."

"आम्ही आत गेलो त्याच्या आदल्या वर्षी." त्यांनी द्रोण खाली ठेवला. "मी नाही सांगितलं कोणाला काही. वाटलं बऱ्याचदा."

त्यावर तीही काही बोलली नाही. तिने त्यांची शाल नीट केली. रिक्षात बसवताना अप्पा तिला म्हणाले, "तिकडे गेलीस की रविवारी फोन कर. आणि आईच्या फोनवर नको, माझ्या फोनवर कर."