कोन चुकला की वाडा सरकतो

१/९
वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे कर्नल विल्यम लॅम्बटनची कबर आहे. हैदराबादहून नागपूरकडे जाताना २० जानेवारी १८२३ रोजी याच गावी त्याचा अंत झाला. पडद्यावर आज जे वाडे आणि किल्ले संगणकाने पुन्हा उभे केले जातात, त्यांच्या मुळाशी असलेले गणित या माणसाने दोन दशके भारताच्या भूमीवर चालवले होते.

२/९
त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे तत्त्व साधे आहे. एक रेषा अत्यंत काळजीपूर्वक मोजायची. पुढे केवळ कोन मोजत जायचे. १८०२ मध्ये लॅम्बटनने मद्रासजवळ सेंट थॉमस माउंटपाशी सुमारे १२ किलोमीटरची आधाररेषा पोलादी साखळीने मोजली. त्यानंतर त्रिकोणाला त्रिकोण जोडत त्याचे सर्वेक्षण पुढे सरकले.

३/९
कोन मोजणारा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा होता. १८०८ मध्ये, सरफोजीराजांच्या काळी, तंजावरच्या मंदिरावर तो चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याच्या अंशांकित वर्तुळाला पोच आली. लॅम्बटनने सुमारे सहा आठवडे खपून ते पूर्ववत केले. वर्तुळ वाकडे राहिले असते, तर पुढचा प्रत्येक त्रिकोण वाकडा झाला असता.

४/९
कॅमेरा ट्रॅकिंग म्हणजे हेच सर्वेक्षण, उलट्या दिशेने. सॉफ्टवेअर दृश्यातील स्थिर खुणा प्रत्येक चौकटीत शोधते आणि कॅमेरा कुठून कुठे सरकला ते काढते. मात्र त्याच्या हाती कोन नसतात, पिक्सेल असतात. पिक्सेलचा कोन करायला दोन मापे लागतात : सेन्सरची रुंदी आणि लेन्सची फोकल लेंथ. हेच त्याचे अंशांकित वर्तुळ.

५/९
समजा, अहिल्यानगर जिल्ह्यात प्रवरेकाठच्या बेलापुरात एखाद्या पडक्या वाड्याचे चित्रीकरण करून त्यावर मूळचा चौक संगणकाने उभा करायचा आहे. लेन्स ३५ मिमीची. सेन्सर ३६ मिमी रुंद असेल तर आडवा दृष्टिकोन सुमारे ५४ अंश, २३.५ मिमी असेल तर सुमारे ३७ अंश. लेन्स तीच, पण कोन निराळा.

६/९
प्रत्यक्षात सेन्सर लहान असताना सॉफ्टवेअरला ३६ मिमी सांगितले, तर काय घडेल? कॅमेरा बाजूला सरकवत घेतलेल्या दृश्यात, दर्शनी भिंतीची रुंदी बरोबर धरूनही, चौकाची खोली सुमारे दोन-तृतीयांश भरेल. तीस फुटांचा चौक वीस फुटांचा होईल. काटकोन बिघडतील आणि नवे खांब जमिनीवरून घसरत असल्यासारखे दिसतील.

७/९
माहितीपत्रकातील रुंदीही फसवू शकते. अनेक कॅमेरे व्हिडिओसाठी सेन्सरचा मधलाच भाग वापरतात. इलेक्ट्रॉनिक स्थिरीकरणही कडा छाटते. मोबाइलची ‘२६ मिमी’ ही बहुधा ३६ मिमी रुंदीशी तुलना करून सांगितलेली फोकल लेंथ असते. तिच्यासोबत फोनच्या चिमुकल्या सेन्सरची खरी रुंदी भरणे म्हणजे दोन वेगळ्या गजांनी एकच भिंत मोजणे.

८/९
उपाय लॅम्बटनच्याच परंपरेतला आहे : स्वतः मोजावे. चित्रीकरणाच्याच सेटिंगवर कॅमेरा भिंतीसमोर काटकोनात, ३ मीटरवर ठेवावा. चौकटीत भिंतीची २ मीटर रुंदी मावली, तर फोकल लेंथ आणि वापरातील सेन्सर यांचे प्रमाण ३ : २. ३५ मिमीच्या लेन्ससाठी रुंदी सुमारे २३.३ मिमी. शिवाय वाड्यातील एक अंतर टेपने मोजून घ्यावे. ती आपली आधाररेषा. तिच्यावाचून संगणकाला वाडा आणि खेळण्यातला वाडा यांतील फरक कळत नाही.

९/९
चित्रपटात खांब घसरला तर प्रेक्षक हसतील आणि विसरतील. इतिहासाच्या पुनर्निर्मितीत तसे होत नाही. मूळ भिंती उद्या पडतील आणि पाहणारा पडद्यावरचा चौकच खरा मानील. त्याची चुकीची खोली पुढच्या आराखड्यांत शिरेल. म्हणून प्रत्येक पुनर्निर्मितीसोबत सेन्सरची वापरलेली रुंदी, फोकल लेंथ आणि मोजलेले एक अंतर नोंदवून ठेवावे. पुढच्या अभ्यासकाला चूक शोधता येईल, ती त्या नोंदीमुळेच.